लाल तेलाचे डाग

मोटारगाडीविषयी काही लिहावे असा आमचा अधिकार नाही. सारी हयात आम्ही फळ्यावर खडू चालवला; हाती चाक आले ते साठीला टेकल्यावर. तरीही एका जुन्या सात आसनी गाडीच्या गिअरबॉक्सने आमच्या घरात जी खळबळ माजवली, तिची हकिकत सांगावी असे बरेच दिवस मनात होते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारात आता गाडी आहे आणि त्यांतील काहींची क्लच नसलेली, म्हणजे ‘ऑटोमॅटिक’ आहे. त्यांना या हकिकतीतून चार उपयोगाच्या गोष्टी सापडतील. ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांनी एका हट्टी म्हाताऱ्याची फजिती म्हणून ती वाचावी.

आम्ही दोन वर्षांचे असताना एका तापाने आमचा डावा पाय नेला. नेला म्हणजे तो जागेवर आहे, पण त्याच्यात जोर नाही. ही १९६० च्या सुमाराची गोष्ट. त्या काळी आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर पोलिओच्या थेंबांचे नावही कोणी ऐकले नव्हते. ‘पल्स पोलिओ’ची मोहीम देशात सुरू झाली ती १९९५ साली. पुढे २०१४ च्या मार्च महिन्यात भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले, त्या दिवशी आम्ही शाळेत पेढे वाटले होते. मुलांनी पेढे खाल्ले, कारण कोणीच विचारले नाही. ते बरेच झाले.

राहणे डहाणूला आणि नोकरी तलासरी तालुक्यात, अशी आमची तीस वर्षे गेली. कधी एस.टी., कधी दापचरीच्या बाजूने येणारा दुधाचा टेम्पो, बहुधा मात्र खच्चून भरलेली जीप. जीपच्या मागे लटकायला दोन पाय लागतात. आमच्यापाशी दीडच होता. मुले मोठ्या मनाची. ‘गुरुजी, तुम्ही आत बसा’ म्हणून स्वतः बाहेर लटकत. पावसाळ्यात ती भिजून शाळेत येत आणि आम्ही कोरडे. ही कोरडी विजार आम्हाला फार वर्षे टोचत राहिली. आपली स्वतःची गाडी असावी, ती आपण चालवावी आणि तीत इतरांना बसवावे, ही इच्छा तेव्हाची. पण क्लच दाबायला डावा पाय लागतो, तेव्हा ती इच्छा इच्छाच राहिली.

निवृत्तीनंतर कॅनडातील आमच्या पुतण्याने सुट्टीवर आला असताना ती अडचण एका वाक्यात सोडवली. “काका, आमच्याकडे डावा पाय गाडीत नुसता बसलेला असतो.” तिकडे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. एक पाय पुरतो, तोही उजवा. आम्ही वैद्यकीय दाखला काढला, शिकलो, परीक्षा दिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगाच्या गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो जाऊन ‘अडॅप्टेड व्हेइकल’ असा सभ्य शब्द आला. परवाना हाती आला त्या दिवशी हिने संत ख्रिस्तोफरचे पदक आणून ठेवले. गाडी यायची होती, पदक आधी आले.

गाडी आली २०१९ च्या जानेवारीत. एका मुंबईकर कुटुंबाने वापरलेली, २०१६ सालची, पेट्रोलवर चालणारी, चार गिअरची ऑटोमॅटिक. परदेशात हिला मिनीव्हॅन म्हणतील. आमच्या आळीत तिचे नाव ‘मास्तरांची मोठी गाडी’ असे पडले. त्या दिवसांत डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के चालू होते. २०१८ च्या नोव्हेंबरात धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलू लागली आणि फेब्रुवारीपर्यंत लोक थंडीत घराबाहेर निजत होते. आमच्या गाडीचा पहिला उपयोग प्रवासासाठी झालाच नाही. चिकूच्या झाडाखाली ती उभी असे आणि रात्री शेजारची लेकरे तिच्यात निजत. चाके न हलवता तिने आळीची सेवा केली, असे आम्ही तेव्हा विनोदाने म्हणत असू.

पुढे ती चालू लागली आणि आमचे आयुष्य खरोखरच बदलले. रविवारी मिस्सेला जाताना धर्मग्रामातील चार वृद्धांना घ्यायचे, महिन्याकाठी तलासरीला जुन्या विद्यार्थ्यांकडे जायचे, कोणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे. २०२३ पासून आणखी एक काम अंगावर घेतले. आमच्या धर्मग्रामातील एका मावशींचे मूत्रपिंड निकामी झाले आणि त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वापीला न्यावे लागे. त्यांना सोयीची पाळी तिथेच मिळाली होती. डहाणूहून चारोटीला यायचे, तिथे महामार्ग धरायचा, दापचरी, तलासरी, आच्छाड करीत गुजरातेत शिरायचे. मंगळवार आणि शुक्रवार. मावशींची सून बरोबर असे. आम्ही पैसे घेत नसू. मावशी वाटेत भुईमुगाच्या शेंगा सोलून देत.

आता त्या पेटाऱ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. साध्या गाडीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये क्लच असतो. तो दाबून माणूस दोघांना क्षणभर विलग करतो आणि गिअर बदलतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम तेल करते. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, की झाला ‘टॉर्क कन्व्हर्टर’. ही कल्पना हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे तर जहाजांसाठी. मोटारीत पूर्ण स्वयंचलित गिअर घाऊक प्रमाणावर आणले अमेरिकेच्या जनरल मोटर्सने. १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ नावाने ते मिळू लागले. कन्व्हर्टरच्या पाठीमागे ग्रहमालेसारखी दातेरी चाके असतात. मध्ये सूर्य, भोवती ग्रह. कोणते चाक धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे यावर गिअर ठरतो, आणि धरण्याचे काम करतात पातळ चकत्यांचे जुडगे. त्यांना दाबते तेच तेल. म्हणजे जोर पोचवायचा तेलाने, चकत्या दाबायच्या तेलाने, वंगण तेलाचे आणि उष्णता वाहून न्यायची तीही तेलाने. एवढे सगळे काम करणारा तो द्रव लाल रंगाचा असतो. मुद्दाम रंगवतात, गळला तर इंजिनच्या तेलाहून वेगळा ओळखता यावा म्हणून.

या तेलाची एक गोष्ट वाचून आम्ही थक्क झालो. चकत्या धक्का न देता अलगद पकडाव्यात म्हणून जनरल मोटर्सच्या तेलात पूर्वी देवमाशाचे तेल घालीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने देवमाशांना कायद्याने संरक्षण दिले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना धावपळ करून दुसरे काही शोधावे लागले. योना संदेष्ट्याला माशाच्या पोटातून बाहेर यायला तीन दिवस लागले. मोटारीच्या पोटातून देवमासा बाहेर यायला तीस वर्षे लागली, असे आम्ही हिला म्हटले. ती हसली नाही. त्या सुमारास तिचे आमच्याशी फारसे बरे नव्हते. त्याचे कारण आता सांगतो.

दुखणे एका दिवसात आले नाही. २०२४ च्या आरंभी आम्हाला जाणवू लागले की सकाळी दांडी ‘डी’वर टाकली तरी गाडी लगेच निघत नाही. एक श्वास, दोन श्वास, आणि मग मागून कोणी ढकलावे तसा हिसका. पुढे चढावर इंजिनाचा आवाज वाढे, काटा वर जाई, गाडी मात्र तेवढ्याच चालीने पुढे सरके. वर्गात सगळ्यात मोठ्याने ओरडणारे मूल पाढ्यात मागे असते, तसे. मार्चमध्ये गाडी उभी केल्यावर जळक्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागला. आणि अंगणात, चिकूच्या झाडाखाली, लाल डाग.

ते डाग कसले हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले होते. ही कबुली या पानांवर देणे सोपे नाही, पण तिच्यावाचून ही हकिकत खोटी होईल. आम्ही काठीने माती ओढून ते झाकले. दुसऱ्या दिवशीही झाकले. हिला सांगितले नाही; कारण ती काय म्हणेल ते ठाऊक होते. “तुमचे वय झाले, गाडीचेही झाले, दोघे आता घरी बसा.” पाच वर्षांपूर्वी मिळालेला डावा पाय पुन्हा जाणार, ही धास्ती आमच्या मनात अशी बसली होती की आजार लपवणाऱ्या रोग्यासारखे आम्ही वागू लागलो. दुरुस्तीचा खर्च हे निमित्त होते. खरे कारण ही धास्ती.

एके सकाळी हिने डाग पाहिलेच. “हे पान खाऊन कोण थुंकते अंगणात?” तिने विचारले. त्या दिवशी चिकू उतरवायला नेहमीचा गडी आला होता. वारली माणूस, पन्नाशीचा, वीस वर्षे आमच्या चार झाडांचा चिकू तोच काढतो. हिने त्याला सुनावले. “अंगणात लेकरे खेळतात, इथे थुंकत जाऊ नकोस.” तो जाळीची काठी हातात धरून उभा राहिला. काही बोलला नाही. आमच्याकडे एकदा पाहिले आणि झाडावर चढला. आम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते. चाळीस शब्दांचे एक वाक्य त्या वेळी पुरले असते. आम्ही एक शब्दही उच्चारला नाही.

मे महिन्यातला मंगळवार उजाडला. त्या उन्हाळ्यात महामार्गाच्या काँक्रीटीकरणाचे काम चालू होते. दहिसरपासून आच्छाडपर्यंत जागोजागी एक बाजू बंद करून दुसरीवरून वाहने सोडत, आणि रांगा मैलच्या मैल लागत. दापचरीच्या अलीकडे आम्ही अडकलो. डोक्यावर ऊन, गाडीत वातानुकूलन चालू, आणि मुंगीच्या पावलाने पुढे जाणे. चार हात पुढे, ब्रेक. चार हात पुढे, ब्रेक. ऑटोमॅटिक गाडीला याहून वाईट छळ नाही, हे आम्हाला नंतर कळले: ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभे राहिले की तेल त्या दोन पंख्यांमध्ये घुसळत राहते आणि तापते, त्याला थंड करायला समोरून वारा नसतो. साधारण तासाभराने रांग सुटली. पुढे चढ होता. आम्ही पाय दाबला. इंजिन ओरडले. गाडी जागची हलली नाही. मग हळूहळू मागे येऊ लागली.

मागे कंटेनरचा ट्रक होता. हातब्रेक ओढला म्हणून वाचलो. ‘डी’, ‘टू’, ‘एल’, सर्वत्र दांडी फिरवून पाहिली. जणू पाटीवरची अक्षरे पुसून टाकली होती. मागे भोंग्यांचा कल्लोळ. कामावरचे काही तरुण धावत आले. “सेकंडला टाका, धक्का मारतो.” ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, कारण तिच्यातला तेलाचा पंप इंजिन फिरवते, चाके नव्हेत, आणि आमचे तर इंजिन चालूच होते, चाकेच रुसली होती. हे त्यांना उन्हात समजावून सांगणारा आमच्यासारखा मास्तरच. शेवटी ‘एन’वर टाकून त्यांनी गाडी कडेला घेतली. एकाने ट्रॅक्टर आणि दोरखंड आणला. तेही नको म्हणावे लागले: पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढले तर पंप बंद असल्याने आतले भाग तेलाविना घासतात, असे गाडीच्या पुस्तिकेत होते. “मास्तर, गाडी आहे का आजारी नवरी?” असे म्हणून ट्रॅक्टरवाला निघून गेला.

मावशी आत बसून होत्या. डायलिसिसच्या रोग्याला पाणी मोजून प्यायचे असते. त्या उन्हात त्यांनी बाटलीला हात लावला नाही. सुनेने वापीकडे जाणारी एक इको थांबवली, मावशींना तीत कसेबसे बसवले. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत होतो. त्या पोहोचेपर्यंत त्यांची पाळी दुसऱ्याला गेली होती. यंत्र मोकळे झाले रात्री नऊला. तोवर त्यांना धाप लागली होती, असे सुनेने दूरध्वनीवर सांगितले. रागावून सांगितले नाही, नुसते सांगितले.

गाडी सपाट ट्रकवर चढवून तलासरीला आमच्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये नेली. बोलेरो, मॅजिक, इको यांच्यात त्याचा हात बसलेला. त्याने बॉनेट उघडले, तेलाची कांडी शोधून काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. टोकालाही तेल नव्हते. जे काही होते ते काळपट तपकिरी. त्याने वास घेतला आणि कांडी आमच्या नाकाशी धरली. मग म्हणाला, “गुरुजी, हे मला येत नाही. क्लचप्लेट असती तर रात्रीत बदलून दिली असती. यात कोणतं तेल टाकायचं तेही मला माहीत नाही, म्हणून टाकणार नाही.” आपल्याकडे हल्ली ज्या बऱ्याच स्वस्त गाड्या ऑटोमॅटिक म्हणून विकतात, त्यांत साधाच गिअरबॉक्स असून क्लच यंत्राने दाबला जातो, २०१४ साली आलेल्या सेलेरिओपासून तो प्रकार रुळला. त्यांत क्लचप्लेट असते. आमची त्या जातीची नव्हती. तेवढ्यात दोन तास उलटले होते. सहज म्हणून त्याने गाडी चालू केली, तर ती दोन-चार हात पुढे सरकली! “थंड झाल्यावर हलते म्हणजे मेलेली नाही, गुरुजी,” तो म्हणाला. तिसरीत त्याला आम्ही गणितात दोनदा नापास केले होते.

त्यानंतर आम्ही ती एका मोठ्या वर्कशॉपला दिली. त्यांनी संगणक जोडला, दोन दिवस ठेवून घेतली आणि संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगितले. खर्च एक लाख साठ हजार. गाडी विकली तर साडेतीन लाख येतील की नाही याची शंका. उघडून दुरुस्ती होणार नाही का, या प्रश्नाला काउंटरवरचा तरुण म्हणाला, “आमच्याकडे उघडत नाहीत, बदलतात.” त्याला दोष द्यावा असे वाटत नाही. त्याला तेच शिकवले होते.

तो कागद घेऊन घरी आलो आणि त्या रात्री हिला सर्व सांगितले. डागांपासून. पापनिवेदनाला बसताना मध्ये जाळी असते, समोरचा चेहरा दिसत नाही, ही किती मोठी सोय आहे ते त्या रात्री उमगले. ती गाडीविषयी चकार शब्द बोलली नाही. “म्हणजे त्या बिचाऱ्याला मी उगाच बोलले,” एवढेच म्हणाली, आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. देवमाशाचा विनोद आम्ही केला तो याच दिवसांत. माणसाला वेळेचे भान नसते ते असे.

पुतण्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “काका, आधी सांगा, तेल किती होतं आणि कुठून गळतंय?” तिकडच्या मिनीव्हॅनवाल्यांना हा पहिला प्रश्न पाठ असतो असे तो म्हणाला, आणि त्याला इतिहास आहे. १९८९ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या मिनीव्हॅनमध्ये संगणकाने चालणारा चार गिअरचा नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, ‘अल्ट्राड्राइव्ह’ नावाचा. कल्पना काळाच्या पुढची होती. पण तो वारंवार बिघडू लागला. त्याला कंपनीचे विशिष्ट तेल लागे. लोक आणि गॅरेजवाले मात्र सर्रास मिळणारे दुसरे लाल तेल घालीत, आणि तसे घातले तर चालेल असा समज मुळात कंपनीच्या सूचनांवरूनच झाला होता. बिघाड ओळखला की संगणक गाडीला दुसऱ्या गिअरवर अडकवून ठेवी, म्हणजे लंगडत का होईना घर गाठता यावे. इंग्रजीत त्या अवस्थेला लंगडी अवस्थाच म्हणतात. आम्हाला ते नाव फार जवळचे वाटले. पुतण्याचे म्हणणे एवढेच की, लाल दिसते म्हणून कोणतेही तेल घालू नका आणि पेटारा न उघडता बदलू नका.

वापीत एक वयस्कर मेस्त्री भेटला. मावशींच्या सुनेनेच तो शोधला. डायलिसिस केंद्राबाहेर ताटकळणाऱ्यांच्या गप्पांतून गावातली सगळी माहिती मिळते. हा माणूस अर्धे गुजराती, अर्धे हिंदी बोलणारा. त्याने गाडी वर उचलली आणि पहिल्या पाच मिनिटांत बोट ठेवले: तेल थंड होण्यासाठी ज्या रबरी नळीतून पुढे जाते, ती क्लिपपाशी चिरली होती. गाडी उभी असताना थेंब, चालू असताना धार. मग त्याने गिअरबॉक्सच्या तळाचे ताट खोलले. त्या ताटात लोहचुंबक असतात. झिजलेले लोखंड त्यांना चिकटते. त्याने चुंबकावरचा काळा लेप बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळून दाखवला. काजळासारखा मऊ. “ऐसा चलेगा,” तो म्हणाला. कचकच लागली असती, चकाकणारे तुकडे दिसले असते, तर त्याने ताट पुन्हा लावून आम्हाला परत पाठवले असते. चकत्या करपल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या. तेल जवळजवळ दीड लिटर कमी होते. चढावर उरलेले तेल मागे जाई, पंप हवा ओढी, दाब पडे आणि चकत्या सुटत. थंड झाल्यावर गाडी का हलली याचेही उत्तर त्यातच आले: तापलेले तेल पातळ होते आणि दाब धरत नाही.

नळी, गाळणी, ताटाचे पॅकिंग आणि पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचे तेल. तेही एकदा बदलून भागत नाही. ताट खोलले तरी निम्म्याहून अधिक तेल कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. म्हणून तेल घालायचे, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवायचे, पुन्हा काढायचे. असे तीनदा केले. एकूण खर्च अठ्ठावीस हजार झाला. मेस्त्रीने आणखी एक गोष्ट शिकवली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. आमच्या गाडीत तेल पाहायचे ते इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागी, दांडी एकदा सर्व खुणांवरून फिरवून ‘पी’वर आणल्यावर. थंड गाडीची कांडी खोटे बोलते. आपापल्या गाडीची पुस्तिका पाहावी. काहींना कांडी नसतेच.

दुरुस्तीच्या तीन आठवड्यांत मावशी इकोने जात होत्या. पैसे आम्ही देऊ केले, सुनेने अर्धेच घेतले. गाडी परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी मावशी पुढच्या आसनावर बसल्या, शेंगांची पिशवी मांडीवर घेतली आणि चारोटीपर्यंत गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, माझं रक्त आठवड्यातून दोनदा धुतात. तुमच्या गाडीचं आठ वर्षांत एकदा तरी धुतलंत?” आम्ही म्हटले, नाही. “मग तिची काय चूक?” असे म्हणून त्यांनी शेंगा पुढे केल्या.

चिकूवाल्या गड्याकडे जायला आम्हाला त्याहून अधिक दिवस लागले. त्याचा पाडा आशागडच्या पुढे आत आहे. शेवटचा तुकडा कच्चा, आमच्या पायाला न झेपणारा. ही बरोबर आली. तो कुडाच्या सावलीत दोरी वळत बसला होता. आम्ही सांगितले: ते डाग गाडीचे होते, आम्हाला तेव्हाच ठाऊक होते, आम्ही गप्प बसलो, क्षमा कर. हिनेही हात जोडले. तो बराच वेळ दोरी वळत राहिला.

“मी पान खात नाय, मास्तर,” तो म्हणाला. “तवाच सांगणार होतो. पण तुम्ही पेपर वाचत होतात.”

त्याच्या बायकोने चहा दिला, आम्ही प्यायलो. येताना तो गाडीपर्यंत आला, वाकून खाली पाहिले आणि विचारले, “आता गळते का?”

गाडी आज चालते आहे. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना अजून एक हलका हिसका बसतो. तो जाणार नाही असे मेस्त्रीने सांगितले आहे. लांबच्या चढावर आम्ही चौथा गिअर बंद ठेवणारे बटण दाबतो, रांगेत फार वेळ उभे राहावे लागले तर ‘एन’वर टाकतो. मावशींना आता जवळच्या केंद्रावर जागा मिळाली आहे, त्यामुळे महामार्गाची फेरी कमी झाली. गाडी विकायची की नाही हा प्रश्न घरात मिटलेला नाही. हिने तो पुढच्या नाताळापर्यंत तहकूब केला आहे.

रोज रात्री आम्ही गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवतो. सकाळी तो हिच्यासमोर बाहेर काढतो. डाग पडलाच तर शिसपेन्सिलीने त्याभोवती वर्तुळ काढून तारीख घालायची असे ठरले आहे. गेल्या पावसाळ्यात एक वर्तुळ काढावे लागले. नळीची क्लिप आवळून आणली. चिकू उतरवायला गडी येतो, तेव्हा झाडावर चढण्याआधी तो पुठ्ठ्याकडे एक नजर टाकतो आणि वर गेल्यावर फांदीवरून ओरडून सांगतो, “आज कोरडा हाय, मास्तर.”